यानाचे दिवे काहून लागून नाही रायले?

(बचत गटांच्या कार्यक्रमात, महालक्ष्म्यांच्या आरासीची तयारी सुरू व्हायच्या आधी रेडिओवर झालेलं हे बोलणं. पुष्कळ गटांनी ‘लिहून द्या’ म्हटलं, म्हणून इथं छापत आहोत. नंतर आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)

 

आज मी बी-बियाण्यावर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यावरही नाही. आज बोलायचं आहे एका खेळण्यावर. तसं ते खेळणं नव्हतं. आमच्या जाऊबाईच्या पोरानं पैसे साठवून विकत घेतलेलं, स्वतःच्या हातानं जोडलेलं चंद्रयानाचं मॉडेल होतं. त्याचे दिवे बंद पडले, आणि घरात असं महाभारत झालं की एका पोरीच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्या दिवशी आम्ही दोष कसा शोधला ते सांगते. तुमच्या घरात यान नसेल, पण आरासीची माळ असेल, सेलवरची समई असेल, पोराची दिव्याची मोटार असेल, टॉर्च तर असेलच. रीत सगळ्यांना एकच लागू आहे.

आधी गोष्ट ऐका

२०२३ साल आठवतं ना? १४ जुलैला श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ निघालं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्याला महिना व्हायच्या आत गणपती बसले, दोन दिवसांनी महालक्ष्म्या आल्या. त्या साली गावोगावच्या मंडळांत चंद्रयानाचे देखावे होते. आमच्या पुतण्यानंही महालक्ष्म्यांपुढे आपलं यान ठेवलं. खाली राखाडी मातीचा चंद्र, त्यावर सोनेरी कागदातलं लँडर. पोटाखाली तीन पांढरे दिवे, कोपऱ्यांना दोन लाल, मधोमध एक निळा. बाजूला इवलंसं प्रज्ञान रोव्हर, त्याला स्वतःचा एक दिवा. हळदी-कुंकवाला आलेली बाई आधी देवीला हात जोडायची आणि मग यानाकडे बघत बसायची.

सण झाला. यान खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं, पोरगा शिकायला पुण्याला गेला. पुढच्या साली महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी खोकं खाली काढलं, बटण दाबलं, तर एकही दिवा लागेना.

सासूबाईंनी लगेच नातीकडे पाहिलं. पोरगी नववीत. मागं तिनं घरातला बंद रेडिओ खोलून पाहिला होता, तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की नाव तिचंच.

“तूच खोललं असशील वं! पोरीच्या जातीनं कायले हात लावा असल्या कामाले?”

“आजी, म्या हातबी नाही लावला. खोकं तर आत्ता खाली काढलं.”

पुण्याहून भावाचा फोन आला. तोही चिडलेला. “माझ्या यानाला कोणी हात लावला?” तालुक्याच्या एका दुकानात नेऊन दाखवलं, तर त्यानं न उघडताच सांगितलं, आतली सर्किट गेली, नवीनच घ्या. नवीन म्हणजे अडीच हजार रुपये. सोयाबीन अजून शेतात उभं, घरात पैसा कुठला?

मी पोचले तेव्हा पोरगी मागच्या दारी बसलेली होती. माझे वडील बाजाराच्या गावी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून मी दोन गोष्टी शिकले. एक, बिघडलेल्या वस्तूवर रागवायचं नाही. दोन, ज्याच्यावर आळ आला त्यालाच सोबत घेऊन दोष शोधायचा. मी म्हटलं, “पोरी, पेचकस आण. आपण दोघी पाहू.”

दिवा लागतो म्हणजे काय होतं

खोलायच्या आधी एवढं समजून घ्या. फुगडी खेळताना दोघींचे हात घट्ट धरलेले असतात. एक हात सुटला की फेर मोडला. विजेचंही तसंच आहे. सेलच्या एका टोकातून निघालेली वीज वायरमधून, बटणातून, दिव्यातून फिरून सेलच्या दुसऱ्या टोकाला परत आली पाहिजे. मधे कुठंही हात सुटला की दिवा बंद. म्हणून दोष शोधणं म्हणजे हात कुठं सुटला ते शोधणं.

या यानात जे बारके दिवे असतात त्यांना एलईडी म्हणतात. त्यांच्या तीन खोडी आहेत.

पहिली खोड : एलईडीतून वीज एकाच बाजूनं जाते. विहिरीतल्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही, तसं. एलईडीला दोन पाय असतात. नव्या एलईडीचा लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. पाय कापलेले असतील तर दिव्याच्या गोल काठाला एका बाजूनं चपटेपणा दिसतो, ती बाजू उण्याची. सेलवरच्या यानात तो उलटा जोडला तर जळत नाही, नुसता लागत नाही.

दुसरी खोड : प्रत्येक रंगाला आपला उंबरठा आहे. लाल आणि पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. पांढऱ्या आणि निळ्याला साधारण ३ व्होल्ट. विजेचा जोर उंबरठ्याखाली गेला की दिवा मंद होत होत विझतो. ही खूण पक्की लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

तिसरी खोड : एलईडीला भूक आवरत नाही. मिळेल तेवढी वीज खातो आणि जळतो. म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स बसवतात, रंगीत पट्ट्यांचा बारीक मणी. ठिबकच्या नळीत ड्रिपरचं छिद्र जसं पाणी बेतानं सोडतं, तसा हा मणी वीज बेतानं सोडतो. त्याचा हिशेब सोपा आहे. तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. पांढऱ्या दिव्याला ३ गेले, उरले १.५. दिव्यातून १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर वीज जावी असं वाटत असेल, तर १.५ ला ०.०१५ नं भागा. उत्तर आलं १००. म्हणजे १०० ओहमचा मणी पाहिजे. त्याच्यावरच्या पट्ट्या तपकिरी, काळी, तपकिरी असतात. हिशेबाची वही ठेवणाऱ्या आपल्या गटांना हे अवघड नाही.

पहिली पायरी : सेलची डबी

दहापैकी पुष्कळदा दोष इथंच सापडतो. म्हणून सर्किट, चिप, कंपनी असलं काही बोलायच्या आधी सेलची डबी उघडायची.

पोरीनं यान उलटं केलं, पेच काढला, झाकण उघडलं. आतले तिन्ही सेल मागच्या साली टाकलेले तसेच. त्यांच्या बुडाशी पांढरी भुकटी जमली होती, पापडखारासारखी. एक स्प्रिंग हिरवी पडली होती. सेल गळले होते. खोक्यातल्या खोक्यात वर्षभर गळत राहिले. दोष पोरीचा नव्हता आणि सर्किटचाही नव्हता. सेल न काढता यान माळ्यावर ठेवलं, हा दोष होता.

पोरगी काहीच बोलली नाही. नुसती डबी हातात धरून आजीकडे बघत राहिली.

आता ही भुकटी काढायची कशी? उघड्या बोटानं नाही. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, डोळ्यांजवळ नेऊ नका, आणि भुकटी फुंकू तर मुळीच नका. अल्कलाइन सेलमधून गळतो तो तीव्र क्षार असतो. क्षाराला आंबट मारतं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या, दोन थेंबच, आणि भुकटीवर फिरवा. थोडं फसफसेल. सेल साधा, स्वस्तातला असेल तर त्यातलं गळणं आम्लाकडे झुकलेलं असतं. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून लावतात. कोणता सेल होता ते सेलवर छापलेलं असतं, वाचून घ्या.

मग स्वच्छ पाण्यानं ओला केलेला कपडा पिळून पुसायचं. पाणी कोणतं, हे आपल्या भागात महत्त्वाचं आहे. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक. बोअरच्या पाण्यानं पुसलं तर पाणी वाळतं, मीठ तिथंच राहतं, आणि महिन्याभरात पुन्हा गंज. म्हणून आरोचं नाहीतर उकळून वाफेचं साचवलेलं पाणी वापरा. नंतर कोरड्या कपड्यानं पुसून तासभर सावलीत वाळवा. स्प्रिंग आणि पत्री बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून चकचकीत करा. हिरवी स्प्रिंग तुटायला आली असेल तर जुन्या रिमोटची स्प्रिंग काढून बसवता येते.

दुसरी पायरी : सेलमध्ये जीव आहे का?

घरात नवे सेल नव्हते. पोरीनं घड्याळातला आणि टॉर्चमधले असे तीन जुने सेल काढून बसवले. स्प्रिंगकडे सेलचा चपटा बूड, पत्रीकडे टोक. बटण दाबलं, आणि दोन्ही लाल दिवे लागले! पांढरे मात्र काजव्यासारखे मंद, निळा असून नसल्यासारखा.

सासूबाई म्हणाल्या, “पाय, बाकीचे जयले वाट्टे.”

पोरीला उंबरठ्याची गोष्ट आठवली. “नाही आजी. लाल लागले ना, म्हणजे वीज फिरते. जोर कमी पडून रायला. सेल उतरले आहेत.”

बरोबर. लाल चांगले आणि पांढरे-निळे मंद, असं दिसलं की पहिला संशय उतरलेल्या सेलवर घ्यायचा. मीटर असेल तर मोजून बघा. साधं मीटर दोन-तीनशे रुपयांत येतं, गटानं एक घेऊन ठेवावं. काटा किंवा बटण डीसी २० वर ठेवा. नवा पेन्सिल सेल दीडच्या थोडा वर दाखवतो. १.२ च्या खाली गेला तर तो घड्याळाला चालेल, यानाला नाही. आणि मोजताना दिवे चालू ठेवून मोजा. उतरलेला सेल बसून असताना बरा दिसतो, कामाला लावला की बसतो.

दोन गोष्टी करू नका. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. नवा सेल जुन्याला ओढत राहतो आणि जुना गळतो. आम्ही जुने तीन घातले ते घटकाभर पाहण्यापुरते. आणि वेगवेगळ्या जातीचे सेल मिसळू नका.

दुकानातून नवे सेल आणले. बटण दाबलं. लाल दोन, निळा एक, पांढरे दोन झगझगीत लागले. तिसरा पांढरा बंद. रोव्हरचाही बंद.

इथं एक शिकण्यासारखं आहे. एक दोष सापडला म्हणजे सगळे सापडले असं नसतं. तिथंच थांबून ‘उरलेले जळले’ म्हटलं असतं तर चांगले दिवे कचऱ्यात गेले असते.

तिसरी पायरी : बटण, वायर आणि जोड

सगळेच दिवे बंद असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेत आहे : सेल, पत्री, बटण, मुख्य वायर. एकच दिवा बंद असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेत आहे. घरचा नळ आला नाही की आपण आधी शेजारणीला विचारतो ना, तिच्याकडे पाणी आहे का? तसंच.

बटणावर संशय असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा टेकवा. दिवे लागले तर बटण खराब. हे फक्त सेलवरच्या वस्तूत करायचं. घरातल्या लाइनवर चालणाऱ्या वस्तूत कधीही नाही.

आमच्या तिसऱ्या पांढऱ्या दिव्याची वायर लँडरच्या पायाजवळून जात होती. पोरीनं दिवे चालू ठेवून वायर बोटानं हळूच हलवली. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. मी म्हटलं, “सापडलं.” वायर पायाशी मुडपून आतून तुटली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत असल्यामुळे नजरेला काही दिसत नव्हतं.

हलवल्यावर दिवा लुकलुकला तर दिवा चांगला आहे, जोड वाईट आहे. दिवा खरंच गेला का हे पाहायचं असेल तर एक नवा बटण सेल घ्या. तो ३ व्होल्टचा असतो. एलईडीचा अधिक पाय सेलच्या अधिक बाजूला, उण्याचा उण्याला क्षणभर टेकवा. लागला तर जिवंत. नाही लागला तर पाय उलटे करून बघा. तरीही नाही, तर गेला.

तुटलेली वायर जोडायची तर आधी सेल काढायचे. दोन्ही टोकांचं प्लॅस्टिक बोटाच्या पेराइतकं सोला, पीळ द्या, सोल्डर करा आणि टेप गुंडाळा. सोल्डरगन २५ वॅटची पुरे. जोड चकचकीत आणि पसरट आला पाहिजे. मळकट, गोल गोळीसारखा आला तर तो कच्चा, पुन्हा तापवा. आपण पाक करताना तारेवर ओळखतो, तसं हे नजरेवर ओळखता येतं. सोल्डरमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं. म्हणून खिडकी उघडी ठेवा, लहान लेकराला जवळ घेऊन करू नका, आणि झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. सोल्डर जमत नसेल तर घट्ट पीळ देऊन टेप मारला तरी सणापुरतं काम चालतं.

चौथी पायरी : उलटं बसलेलं, आणि काळजाचा ठोका

राहिला रोव्हरचा दिवा. त्याला नाण्यासारखा चपटा बटण सेल. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सेल तर नवा होता. जाऊबाईनं सकाळीच बदलला होता. झाकण उघडलं तर सेल पालथा बसवलेला. अधिकची खूण असलेली बाजू वर पाहिजे होती, ती खाली होती. सरळ केला आणि दिवा लागला.

सगळे हसले. आणि तेवढ्यात पोरगी ओरडली. जाऊबाईनं सकाळी काढलेला जुना सेल ओट्यावरच पडला होता. शेजारणीचं दीड वर्षाचं लेकरू रांगत आलं, त्यानं तो उचलला आणि तोंडाकडे नेला. पोरीनं झडप घालून हातातून काढून घेतला.

बायांनो, आजच्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच लक्षात राहिलं तरी चालेल. बटण सेल लेकरानं गिळला तर तो नाण्यासारखा निघून जाईलच असं नाही. अन्ननळीत अडकला की ओल्या जागेत त्याची वीज वाहू लागते, तिथं क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत अन्ननळी भाजू शकते. उतरलेल्या, दिवा न लावणाऱ्या सेलमध्येही तेवढा जीव शिल्लक असतो. लेकरू सुरुवातीला रडतही नाही. नुसती लाळ गळते, खोकला येतो, खायला नको म्हणतं.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वांती करवू नका, केळं नाही, भाकरी नाही, घरगुती उपाय नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा आणि स्पष्ट सांगा, ‘बटण सेल गिळला असेल, एक्स-रे काढा.’ नाकात किंवा कानात घातला तरी तेवढीच घाई करायची. घरात रोज काळजी घ्यायची ती अशी : ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला पेच नाही ते लहान लेकराच्या हातात देऊ नका. काढलेला सेल लगेच दोन्ही बाजूंनी टेपमध्ये गुंडाळा आणि उंच फळीवर ठेवा.

लाइनवरच्या माळेची गोष्ट वेगळी

आतापर्यंत सांगितलं ते सेलवर चालणाऱ्या वस्तूंचं. सेलच्या तीन-चार व्होल्टांनी कोणाला झटका बसत नाही. पण भिंतीच्या बोर्डात लावायची माळ २३० व्होल्टची असते. तिच्या बारीक, रंगीत वायरमध्ये जीव घेण्याइतका जोर असतो. तिथं ‘हलवून बघू’ चालत नाही.

माळ पाहायची तर पिन बोर्डातून बाहेर काढून हातात घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत बटण भलत्याच वायरवर बसवलेलं असतं, आणि बटण बंद असलं तरी माळेत वीज राहते. वायर सोललेली, उंदरानं कुरतडलेली, जागोजागी टेप लावलेली असेल तर ती माळ आरासीत नको. महालक्ष्म्यांजवळ पाणी असतं, ओले हात असतात, नऊवारीचा पदर असतो, तेलाचा दिवा असतो. शंभर रुपयांच्या माळेसाठी जिवाशी खेळ नाही.

आणि अडॅप्टर बदलताना त्यावरचा आउटपुटचा आकडा वाचा. ५ व्होल्टच्या यानाला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर एलईडी काही क्षण जास्त झगमगतील आणि कायमचे जातील. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही.

दोष शोधणं लाजेचं नाही

खऱ्या यानाचं तरी वेगळं काय आहे? ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ चं लँडर उतरताना आदळलं. इस्रोच्या लोकांनी ‘कोणी हात लावला’ म्हणत एकमेकांकडे बोट दाखवलं असतं तर पुढचं यान उभं राहिलं नसतं. त्यांनी काय काय चुकू शकतं याची यादी केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, सूर्याची वीज घेणारे पंखे वाढवले, उतरायची जागा मोठी ठरवली. म्हणून चार वर्षांनी विक्रम उतरलं.

आणि तेही कायमचं जागं राहिलं नाही. विक्रमला आणि प्रज्ञानला सूर्याचीच वीज. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा, रात्रही तेवढीच, आणि रात्रीची थंडी उणे १०० अंशांच्याही खाली जाते. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवलं. २२ सप्टेंबर २०२३ ला, पुन्हा ऊन आल्यावर, त्यांना हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. इथं आमच्या घरात पुतण्याचं यान झगमगत होतं आणि तिकडे खरं यान गप्प होतं. पण नेमून दिलेलं काम ते करून चुकलं होतं.

आमच्या घरी मग काय झालं? संध्याकाळी पोरीनं भावाला फोन लावला आणि एकेक दोष वाचून दाखवला, वहीत लिहिला होता तसा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सेल काढायचे मीच विसरलो होतो.” सासूबाई माफी वगैरे मागणाऱ्यांतल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर हाक मारली, “ये वं पोरी, बटण तूच दाब.” पोरीनं बटण दाबलं आणि सगळे दिवे लागले.

खर्च किती आला? तीन पेन्सिल सेल, अर्धं लिंबू आणि टेप. अडीच हजार वाचले. त्यानंतर आमच्या गटानं एक डबा केला आहे. त्यात मीटर, सोल्डरगन, पेचकस, टेप, पॉलिश पेपर आणि दहा-वीस एलईडी. महिन्याच्या बैठकीला बाया घरची बंद टॉर्च, समई, खेळणी घेऊन येतात. पोरगी आणि तिच्या दोन मैत्रिणी बघून देतात. जे जमत नाही ते ‘जमत नाही’ म्हणून सांगतात.

जाता जाता एवढं पाठ करा : आधी सेल, मग पत्री, मग बटण, मग वायर, सगळ्यात शेवटी दिवा. सण संपला की सेल काढून ठेवायचे. आणि घरात काही बिघडलं तर पोरीकडे बोट दाखवायच्या आधी तिच्या हातात पेचकस द्या.

नमस्कार.

नंतर आलेले प्रश्न

*नवे चार्जिंगचे सेल घातले तरी पांढरे दिवे मंद आहेत. काहून?*
चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा दीडचा. वस्तूत दोनच सेल असतील तर मिळतात २.४ व्होल्ट. पांढऱ्याचा उंबरठा तीनचा. म्हणून लाल चालतील, पांढरे रुसतील. त्या वस्तूत साधे किंवा अल्कलाइन सेलच घाला.

*आमच्या समईचा दिवा आपोआप लुकलुकतो. बिघडला का?*
एकसारख्या तालात लुकलुकत असेल तर तो तसाच बनवलेला असतो. ताल नसेल, हात लागला की चालू-बंद होत असेल तर पत्री किंवा जोड ढिला आहे. पत्री घासा, स्प्रिंग थोडी ओढून लांब करा.

*बोर्डातली माळ अर्धी लागते, अर्धी बंद. दिवा बदलता येईल का?*
अशा माळेत दिवे एकामागे एक, ओळीनं जोडलेले असतात. ओळीतला एक गेला की ती सगळी ओळ बंद पडते. पिन काढून जाणत्याकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर माळ बदला. बंद दिवा काढून नुसती वायर जोडू नका. उरलेल्या दिव्यांवर जोर वाढतो आणि माळ तापते.

*जुने सेल फेकायचे कुठं?*
चुलीत कधीच नाही, सेल फुटतो. शेतात, विहिरीजवळ नाही. टेप गुंडाळून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा बरणीत साठवा आणि शहरात जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. गटात एक बरणी ठेवली तर सगळ्यांचं काम होतं.